विहिरीवरची मोटर

अप्पांनी मला हे शहर शिकवलं ते जेवणाच्या पानावर. ते मुलांच्या शाळेत भूगोलाचे मास्तर होते आणि शाळा सुटली तरी त्यांचा भूगोल सुटत नसे. केळीचं पान मांडलं की त्याची उजवी कड म्हणजे समुद्र. भाताची मूद खाली डावीकडे सरकवली की ती परंगीमलैची टेकडी, आणि रसम वाढलं की त्यातून बोटानं दोन ओघळ काढायचे, वरचा कूवम आणि खालचा अड्यार. "बघ रमे, केवढं सपाट! पाण्याला पळायला धड उतार नाही. असल्या जागी शहर कोण वसवतं? गोऱ्यांनी वसवलं, त्यांना नुसतं जहाज लावायचं होतं." तोवर रसम पानाच्या कडेवरून फरशीवर आलेलं असायचं आणि आई म्हणायची, "पुरे झाली तुमची नदी. जेवा आतां."

मी हे आज पुस्तकी मराठीत लिहिते आहे, पण आमच्या घरातली मराठी अशी नव्हती. आम्ही तंजावरकडचे. कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात काढल्यामुळे आमची बोली अर्धी जुनीपुराणी आणि अर्धी तमिळ. माझी सून पुण्याची, इथे शहराबाहेर सिरुसेरीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. ती म्हणते, "आई, तुम्ही बोलायला लागलात की बखर वाचल्यासारखं वाटतं, आणि त्या बखरीवर कुणीतरी सांबार सांडलंय असंही वाटतं." म्हणू दे. ती इथे आली तेव्हा तिला पावसाचं गणितच कळेना. तिच्याकडे आषाढात छत्र्या निघतात, आमच्याकडे आषाढात नुसता वारा आणि डोळ्यांत धूळ. आमचा पाऊस ईशान्येकडून येतो, दिवाळीच्या आगेमागे. आला तर पंधरवड्यात रस्त्यांचे ओढे करून जातो, आणि एखाद्या वर्षी सरळ पाठ फिरवतो. मग उरलेलं वर्षभर या शहरानं ओठ चाटत बसायचं. तेव्हा त्याला मद्रास म्हणत. बाकी काही बदललेलं नाही.

आमचं घर अड्यार नदीच्या दक्षिणेला, समुद्राजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर होतं. दुपारी समुद्राचा वारा सुटला की आई सगळ्या खिडक्या उघडायची आणि रात्री अंथरुणावरची वाळू झटकत बडबडायची. घरात आम्ही चौघंच. अप्पा, आई, माझी मोठी बहीण सरोजा, जिला मी अक्का म्हणे, आणि मी. मागच्या अंगणात सिमेंटच्या कड्यांची विहीर होती. वर लोखंडी कप्पी आणि काथ्याचा दोर. पहाटे त्या कप्पीच्या आवाजानं मला जाग यायची. त्या विहिरीचं पाणी गोड होतं. समुद्राच्या एवढ्या जवळ गोड पाणी कसं, असं पाहुणे विचारत, आणि अप्पा त्याचीच वाट बघत असत. ते एका वाडग्यात पाणी घेऊन त्यावर तिळाचं तेल सोडायचे. "हे तेल म्हणजे आपलं पाणी. पावसाचं, वाळूतून झिरपलेलं. खाली सगळं समुद्राचं. वरचं हळू काढलं तर तुमचं आयुष्य जाईल, ते सरायचं नाही. खोल जाऊन जोरात ओढाल, तर खालचं वर येईल. आणि एकदां आलं की गेलं." म्हणून आमच्या गल्लीत कुणाकडेही मोटर नव्हती. कुणी घर बांधायला काढलं की अप्पा वाडगं आणि तेलाची बाटली घेऊन त्याच्या दारात हजर. लोक त्यांना हसत, पण ऐकत. मास्तर आहेत, स्वतःच्या विहिरीवर दोर ओढतात, तर खरंच असेल, असं म्हणत.

गल्लीच्या शेवटी कोळ्यांची झोपडीवस्ती होती. तिथल्या बायकांना प्यायचं पाणी आमच्या विहिरीचं. सकाळी मागच्या दाराशी रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, घेऊन त्या उभ्या राहत आणि आई एकेकीला पाणी शेंदून देई. दोराला हात फक्त आईचा. कुडम खाली ठेवायचा, बाईनं मागे सरायचं, मग आई वरून पाणी ओतणार. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, आज दिसतं, आणि आईला ते कधी दिसलं कोण जाणे. पण पाणी मात्र तिनं कधी नाकारलं नाही. ताप असला तरी उठायची. त्या बायकांत सेल्वी नावाची एक होती, आईच्याच वयाची, आवाज असा की समुद्रावरची नाव परत फिरावी. ती आईला "मामी" म्हणायची आणि तमिळमधून जगाची खबर द्यायची, कुणाची नाव फुटली, कुणाची सून माहेरी गेली. आई शेंदता शेंदता हं हं करायची. आईच्या तोंडून मैत्रीण हा शब्द मी कधी ऐकला नाही. तो तिनं वापरला असता तर सेल्वीसाठीच वापरला असता, असं मला वाटतं.

अक्काचं लग्न ठरलं ते तंजावरच्याच घरात. मुलगा इथेच मद्रासमध्ये, एग्मोरला एका कचेरीत होता, पण आईवडील, काका, आत्या सगळे तिकडे कावेरीकाठी. मुलाचे वडील गोपाळराव आमचं घर बघायला आले ते फाल्गुनात. दिवाळीचा पाऊस त्या वर्षी फसला होता, शहरात पाण्याची ओरड सुरू झालेली. आईनं त्यांना हातपाय धुवायला एक बादली आणि वर लोटा दिला. गोपाळरावांनी बादलीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "मद्रासकडे पाणी मोजून देतात म्हणतात, ते खरंच कीं हो, मास्तर! आमच्याकडे दारातनं कालवा वाहतो. पाहुणा न्हातो तो थेट मानेपर्यंत बुडून." माणूस वाईट नव्हता. थट्टा केली आणि विसरलाही असेल. पण अप्पा विसरले नाहीत. त्या रात्री जेवताना पानावर नदी निघाली नाही.

आमच्या लोकांत एक रीत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी वरपक्षाच्या सगळ्या माणसांना मुलीकडच्यांनी तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळ्यांना. त्यात हात आखडला तर पुढे जन्मभर मुलीला ऐकावं लागे. लग्न वैशाखात, उन्हाळा ऐन भरात, विहीर इतकी खाली गेलेली की बादली तळाला लागून वाळू घेऊन वर यायची. आईनं सरळ उपाय सांगितला. पाण्याची लॉरी मागवायची, मांडवामागे पिंपं भरून ठेवायची, प्यायला आणि स्वयंपाकाला विहिरीचं. गल्लीत दोन लग्नं अशीच झाली होती. अप्पा भडकले. "लॉरीच्या पाण्यानं व्याह्यांस न्हाऊ घालूं? कुठल्या एरीतलं, कुठल्या तळ्याखड्ड्यातलं पाणी तें! तंजावरांत सांगतील कीं हो, मास्तरानं मुलगी दिली पण विहिरीचं पाणी दिलं नाही."

"सांगूं देत," आई म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं!"

दुसऱ्या आठवड्यात दोन माणसं आली आणि विहिरीच्या तळाशी पाइप ठोकायला लागली. मी शाळेतून आले तेव्हा अंगणभर ओली राखाडी वाळू पसरली होती आणि कड्यावर हिरव्या रंगाची मोटर बसली होती. आई तुळशीपाशी उभी. अप्पा तिच्याकडे न बघता माणसांना सूचना देत होते. आई म्हणाली, "तुमी पोरांस वाडगं दाखवतां ना? तेल घालून? मग हें काय?" अप्पा म्हणाले, "चार दिवसांचं काम आहे. लग्न झालं कीं काढून टाकूं. चार दिवसांत काय होतंय!" मला त्यांचा तो आवाज अजून ऐकू येतो. वर्गात उत्तर चुकलेली मुलं बोलतात तसा होता.

लग्न मात्र थाटात झालं, हे कबूल करायला हवं. मोटर पहाटेपासून घुं घुं करत होती आणि मागच्या अंगणात तांब्याच्या हंड्यांखाली जाळ. गोपाळरावांच्या घरचे पुरुष पाटावर उघडे बसलेले, अंगाला तेल, आणि आमचे मामा त्यांच्या डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओततायत. एका आजोबांनी "पोदुम, पोदुम" म्हणून हात वर केले तरी मामा थांबेनात. पाणी अंगणातून गटारात, गटारातून गल्लीत. वस्तीतली पोरं त्यात नाचत होती. दुपारी पंगतीला डांगर पचडी, रसवांगी, पुरणपोळी, पायसम, आणि प्रत्येक पानाशी पाण्याचा भरलेला लोटा, रिकामा होण्याआधी पुन्हा भरला जाणारा. गोपाळराव हात धुताना मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, हरलों कीं हो! मद्रासेत तुमी कावेरी आणली!" अप्पांचा चेहरा असा फुलला की त्या क्षणी मीही त्यांना माफ केलं. आई वाढत होती. तिनं ऐकलं, पण वर पाहिलं नाही.

पहिल्यांदा कॉफीनं सांगितलं. अक्का तंजावरला सासरी गेली, मांडव उतरला, मोटर अजून तिथेच होती कारण माणसं न्यायला आली नव्हती. आईनं डिकॉक्शन काढलं, दूध घातलं आणि एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे सरकवला. काय झालंय ते नेमकं सांगता येईना. बेचव नव्हती, पण जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी चिकटून राहत होतं. दोन दिवसांनी तुरीची डाळ शिजेना. आई जाळ वाढवते आहे, झाकण काढून बघते आहे, आणि डाळीचे दाणे आपले खडे टाकल्यासारखे तळाशी. अप्पा जेवायला बसले. वरण दाताखाली कुरकुरलं. ते जेवले आणि उठताना म्हणाले, "डाळ जुनी असेल."

आज या जागेवर चार मजली इमारत आहे, मी तिच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या नळाला बोअरचं पाणी येतं आणि त्यानं बादल्यांना पांढरा थर धरतो. प्यायचं पाणी कॅनमधून येतं, बाकीचं लॉरीतून, आणि काही वर्षांपासून समुद्राचं पाणी गोडं करून शहराला पाजतात. नातू म्हणतो, "आज्जी, सॉल्व्ह झालं ना मग?" एवढी माणसं इथे येऊन राहिली, अजून येतायत, त्यांना पाणी द्यायलाच हवं, हे मला समजतं. मी त्याच्याशी वाद घालत नाही. तो विहिरीचं गोड पाणी प्यालेलाच नाही, मी काय सांगणार!

मोटर काढून टाकली, तळातला पाइप बुजवला, तरी पाणी सुधारलं नाही. अप्पा म्हणाले, दिवाळीचा पाऊस पडला की वाळू पुन्हा भरेल. तसं थोडंफार झालंही असतं कदाचित. पण तोवर दुसरंच घडलं. आमच्या पलीकडे एक निवृत्त बँकवाले राहत. त्यांनी बोअरवाल्यांना बोलावलं. अप्पा वाडगं घेऊन गेले. ते परत आले तेव्हा मी दारात होते. त्यांच्या हातात तेलाची बाटली तशीच भरलेली. बँकवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि विचारलं, "सार, तुमच्या घरी लग्नात मोटर होती ना? मग आम्ही काय पाप केलं?" महिन्याभरात तिसऱ्या घरी मोटर आली, मग समोर. सकाळी कप्प्यांच्या आवाजाऐवजी गल्लीभर घुं घुं. अप्पा पुन्हा कुणाच्या दारात गेले नाहीत. घरातही त्यांनी भूगोलाचं नाव काढणं बंद केलं. जेवताना ते पानावरचं मुकाट्यानं संपवत, आणि मला इतका राग यायचा की वाटायचं, ओरडा तरी. चिडा, काहीतरी म्हणा.

वस्तीतल्या बायका काही दिवस येत राहिल्या. मग सेल्वीनं एकदा कुडमातलं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि थुंकलं. "मामी, हे तर आमचंच पाणी," ती समुद्राकडे हात करून म्हणाली. हसत म्हणाली, पण आई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराशी कुणी आलं नाही. आई मात्र त्याच वेळेला उठायची, दार उघडून थोडा वेळ उभी राहायची.

आषाढात अक्का माहेरपणाला आली. तिला कुणी पत्रानं काही कळवलं नव्हतं. पहिल्याच सकाळी तिनं कॉफीचा पेला तोंडाला लावला आणि तसाच धरून राहिली. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अक्का हुशार होती, अप्पांची वाडग्याची गोष्ट तिला माझ्याआधीपासून पाठ होती. "माझ्या लग्नानं झालं कां हें, आई?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तुझ्या लग्नानं नव्हे ग," आई म्हणाली, आणि आवाज मुद्दाम एवढा चढवला की ओसरीवर पेपर वाचणाऱ्या अप्पांना ऐकू जावा, "तुझ्या अप्पाच्या तोऱ्यानं."

पेपर हलला नाही. आई त्यांना त्यांच्या तोंडावर एवढं पहिल्यांदाच बोलली असावी. त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. पान वाढलंय, मीठ द्या, पोस्टमन आला. अक्का परत जाईपर्यंत घरात तिघी बायका हळू आवाजात वावरत होतो आणि अप्पा शाळेतून मुद्दाम उशिरा येत. मला भीती वाटायची ती पाण्याची नव्हे. मला वाटायचं, हे दोघं आता जन्मभर असेच राहणार.

प्यायच्या पाण्यासाठी आता पाणीपुरवठ्याची लॉरी हाच आधार होता. ती कधी सकाळी यायची, कधी दुपारी, गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि हॉर्न वाजला की बायका धावत. आमच्या बाजूच्या घरांतून मोलकरणी जात. आमच्याकडे मोलकरीण नव्हती आणि अप्पांनी स्वतः जाण्याचा प्रश्नच नव्हता. मास्तर माणूस, कुडम घेऊन कोळणींच्या रांगेत? मी जाते म्हटलं तर आईनं मला अभ्यासाला बसवलं आणि एक दिवस पितळेची घागर घेऊन स्वतः निघाली. मी मागोमाग गेलेच. रांग लांब होती, ऊन मी म्हणत होतं. सेल्वी पुढे होती. तिनं आईला पाहिलं आणि ओरडली, "ए, सरका! मामीला पुढे येऊ द्या. वर्षानुवर्षं पाजलंय तिनं आपल्याला!" बायकांनी खरंच वाट केली. आई जागची हलली नाही. म्हणाली, "नको. मी शेवटीच बरी." आणि ती रांगेच्या टोकाला उभी राहिली, पदर डोक्यावर ओढून.

तिचा नंबर येण्याआधी पाणी संपलं. लॉरीच्या नळीतून शेवटी नुसती हवा आली आणि ड्रायव्हरनं नळी गुंडाळली. आई रिकामी घागर उचलून वळली, तोच सेल्वी समोर. काखेत तिचा भरलेला कुडम. तिनं आईच्या हातातली घागर घेतली, खाली ठेवली आणि आपला कुडम तिच्यात कलता केला. अर्धा होईपर्यंत ओतत राहिली. आईनं तिचं मनगट धरलं, थांब म्हणायला असेल, पण मग सोडलंच नाही. दोघी तशाच उभ्या. आईचा हात सेल्वीच्या हाताला लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

घरी आल्यावर आई देवघराकडे गेली नाही, स्वयंपाकघराकडेही नाही. घागरीतून लोटा भरला, उभ्यानंच अर्धा प्यायली आणि उरलेला घेऊन ओसरीवर अप्पांसमोर गेली. "प्या."

अप्पांनी वर पाहिलं. "मला तहान नाही."

"सेल्वीनं दिलंय. तिच्या कुडमातलं. प्या."

आमच्या घरात त्याचा अर्थ काय होता, ते तिघांनाही माहीत होतं. अप्पांच्या आईनं अशा हातचं पाणी मरतानाही घेतलं नसतं. आई हात पुढे करून उभी होती. मला वाटलं, आता हे उठून आत जातील. अप्पांनी चष्मा काढला, पेपरावर ठेवला आणि लोटा दोन्ही हातांनी घेतला. वरून ओतून नव्हे, ओठ लावून प्याले, सगळा, शेवटचा घोट संपेपर्यंत. प्याल्यावर त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. "गोड आहे कीं ग," एवढंच त्यांना म्हणता आलं.

आईनं रिकामा लोटा त्यांच्या हातातून घेतला. "उद्या तुमी जा लायनीला," ती म्हणाली. "आणि शेवटी उभे राहा."

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा अप्पा शाळेच्या धोतरावरच, घागर खांद्यावर घेऊन, गल्लीतून चालत गेले.